नवे पार्ट येईपर्यंत

यंदाही कापूस घरात आला. पुढच्या खोलीतली खाट ओट्यावर गेली, टीव्ही आतल्या खोलीत गेला आणि खिडकीच्या गजांपर्यंत पांढरा ढीग लागला. भाव वाढेल तेव्हा वाढेल, तोवर आमच्याकडं पाहुण्यांना बसायला जागा नसते. दिवाळी उलटली की हसनाबादच्या निम्म्या घरांची हीच गत. आई दारातून आत येताना पदर झटकते आणि तरी तिच्या केसांत दोन-चार तंतू राहतातच. चहाच्या कपात कापूस, चष्म्यावर कापूस, शर्टाच्या खिशात कापूस. अंगाला खाज सुटते ती वेगळीच. लहानपणी या ढिगात उड्या मारून मी मार खाल्लेला आहे. आता मात्र वेचणीचा माल दारात उतरायला लागला की माझं तोंड उतरतं. आईला ते लगेच कळतं. "जाऊ दे ना रे," ती म्हणते, "कापसाचा काय दोष?"

कापसाचा दोष नाहीच. पण राग कुणावर तरी काढावा लागतो आणि घरात सगळ्यांत जास्त जागा त्यानंच अडवलेली असते.

त्याच खोलीच्या कोपऱ्यात माझं कॉम्प्युटरचं टेबल आहे. कॉलेजात असताना मी तो कॉम्प्युटर घेतला होता. घरी सांगितलं होतं की प्रोजेक्टला लागतो, आणि प्रोजेक्टला तो खरंच लागला, एकदा. बाकी वेळ त्यावर आम्ही खोलीवरची पोरं गेम खेळायचो. कॅबिनेटच्या एका बाजूला काळपट काच होती आणि आत जांभळा दिवा लागायचा. त्या दिव्याचं आम्हाला कोण कौतुक! शिक्षण संपलं, मी जालन्याला बियाण्यांच्या एका कंपनीच्या ऑफिसात चिकटलो आणि रोज मोटारसायकलवर जा-ये सुरू झाली. खेळणारी पोरं पुण्याला पांगली. कॉम्प्युटर माझ्याबरोबर गावी आला आणि त्यावर आईच्या शिलाई मशीनचं जुनं कव्हर पडलं. एका मित्रानं पुण्याला जाताना त्याचं खेळायचं स्टेअरिंग माझ्या गळ्यात मारलं होतं, पायाशी ठेवायच्या पेडलांसकट. तेही माळ्यावर गेलं.

ते खाली काढलं बापूंसाठी. माझे वडील जन्मभर ट्रक ड्रायव्हर. जालन्याच्या कारखान्यांतली सळई दहा टायरी गाडीत भरून हैदराबाद, रायपूर, कुठं कुठं पोचवायची. घरी आले की दोन दिवस झोप आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा गाडी. साखरेनं डोळे धरले तेव्हा डॉक्टरांनी स्टेअरिंग सोडायला लावलं. ट्रक मालकाचा होता, तो मालकाकडं गेला. बापू ओट्यावर बसायला लागले. बसलेला ड्रायव्हर फार वाईट दिसतो. त्याला पायाचं काय करावं ते कळत नाही.

मी स्टेअरिंग टेबलाला आवळून बसवलं, ट्रक चालवायचा गेम लावला आणि त्यांना हाक मारली. गंमत म्हणून. बापू खुर्चीत बसले, खुर्ची पुढं ओढली, मागं सरकवली, पुन्हा पुढं ओढली. मग दोन्ही हात स्टेअरिंगला लावून ते हात कपाळाला नेले. मला हसू आलं होतं, ते मी गिळलं. परदेशातला कुठला तरी रस्ता होता, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना हिरवंगार.

"हे लोकं उजवीकडून चालवतेत का रे?" त्यांनी विचारलं.

"हो बापू. तिकडं तसंच असतं."

"असू दे. रोड बराबर हाये." थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "एवढा रोड चाललो, एक बी ढाबा न्हाई. ह्यांचे ड्रायव्हर खातेत काय?"

त्या दिवसापासून पुढची तीन-चार वर्षं, घरात कापूस असो-नसो, संध्याकाळचा चहा झाला की बापू ड्युटीवर. रस्त्यात चिटपाखरू नसलं तरी लाल दिव्याला थांबायचे. मागून कुणी हॉर्न दिला तर त्याच्या आईबापाचा उद्धार व्हायचा. माल पोचवला की खुर्ची मागं सारून कंबर मोकळी करायचे आणि आईला म्हणायचे, "गाडी खाली झाली. भाकरी टाक." आई कपाळावर हात मारायची. "जिंदगीभर ट्रकच केला, आता घरात बी ट्रकच," म्हणायची. पण ते चालवत असले की ती दारात येऊन उभी राहायची, तवा चुलीवर तसाच ठेवून. लग्न झाल्यापासून तिनं बापूंना गाडी चालवताना कधी पाहिलंच नव्हतं. कुठं पाहणार होती?

बापूंना बर्फ पाहायचा होता. त्यांच्याबरोबरचे रशीदचाचा एकदा माल घेऊन काश्मीरकडं गेले होते आणि पुढं कितीतरी वर्षं त्या एका फेरीवर जगले. रस्ता पांढरा, डोंगर पांढरा, टायरला साखळी बांधून चढायचं, ब्रेक मारला की गाडी आपली राहत नाही. ती फेरी आधी बापूंच्या वाट्याची होती. पण घरी वेचणी चालू होती, मजूर मिळत नव्हते, मी तान्हा होतो. बापूंनी फेरी चाचांना दिली. पुन्हा तसा माल निघाला नाही. याबद्दल ते कधी कुरकुरल्याचं मला आठवत नाही, पण बर्फाचा विषय निघाला की ऐकणाऱ्याचा चहा थंड व्हायचा.

मग एका वर्षी दसऱ्याच्या सुमारास जालन्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून नीट सांगितलं. उजवा डोळा गेल्यात जमा आहे. डाव्यात जेवढं आहे तेवढं टिकवायचा प्रयत्न करू, पण किती दिवस ते सांगता येणार नाही. दवाखान्याबाहेर मोसंबीचा गाडा होता. बापूंनी नेहमीप्रमाणं रसाकडं पाहिलं आणि साखरेच्या धाकानं नेहमीप्रमाणं मान वळवली. मोटारसायकलवर मागं बसताना म्हणाले, "विन्या, तुझ्या त्या गेमात बर्फ हाये का?"

होता. हिवाळ्याचा वेगळा नकाशा मिळत होता. मी तो त्याच आठवड्यात चढवला आणि बापू निघाले. दोन-तीन संध्याकाळ सपाट रस्ता कापत ते उत्तरेकडं गेले. मग घाट लागला. घाटाच्या वर, लांब, पांढरी कड दिसायला लागली. "ते बघ, वर बघ," बापू पडद्याला नाक लावून म्हणाले. आणि पडदा काळा झाला. कॉम्प्युटर आपोआप बंद पडला होता. पुन्हा चालू केला, पुन्हा घाट, पुन्हा तीच पांढरी कड, पुन्हा काळोख. दुसऱ्या दिवशी तेच. आतला पंखा घोंघावायचा, घरघरायचा, आणि मग सगळं गप्प.

"इंजिन दमलंय," बापूंनी निदान केलं. "चढाला लोड घेईना. लई वर्सं झाली ना त्याला?"

"बरीच झाली."

"मंग इंजिन बदल."

मलाही तेच वाटलं. दहा वर्षांचं मशीन, त्यावर आजचा गेम. दमणार नाही तर काय? एवढं सरळ होतं ते, की त्यात विचार करायला काही उरलंच नव्हतं.

आणि मग सुरू झाला तो हंगाम. मी त्याला पार्ट निवडायचा हंगाम म्हणतो. बाहेर वेचणी चालू होती. आईनं पहिल्या दिवशी शेतात दहीभात ठेवून पूजा केली होती. वेचणाऱ्या बायका ओटी भरभरून आणत होत्या, आणि पुढच्या खोलीत कापूस चढत होता. त्या साली पीक चांगलं होतं. ढीग टेबलाला लागला, टेबलाखालच्या कॅबिनेटच्या गळ्याशी आला. खुर्चीपर्यंत जायला आम्ही मधून एक पाऊलवाट ठेवली होती. त्या वाटेनं जाऊन मी संध्याकाळी खुर्चीत बसायचो, बापू शेजारी स्टुलावर, आणि आम्ही मोबाईलवर पार्ट बघायचो.

खरं सांगतो, त्या बघण्यात फार सुख होतं. विकत घेतलेली वस्तू ती जेवढी असते तेवढीच असते. न घेतलेली कितीही मोठी होऊ शकते. पडद्यावर चित्र आणणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचे फोटो मी मोठे करून दाखवायचो, लोक त्यावर काय बोलतात ते वाचून दाखवायचो, आणि बापू नव्या गाडीचं बुकिंग करायला निघालेल्या मालकासारखे गंभीर होऊन ऐकायचे. जालन्याच्या दुकानदारानं सांगितलं होतं की नवा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डावर बसत नाही. मदरबोर्ड बदलला की रॅम बदलावी लागेल. कार्ड मोठं घेतलं तर वीज पुरवणारा डबाही मोठा लागेल. मला हे सगळं लुबाडणं वाटत होतं. बापूंना ते एकदम पटलं.

"बराबर हाये त्याचं. इंजिन मोठं टाकलं आन् गिअरबॉक्स जुनीच ठिवली, तर दात तुटतेत."

"म्हणजे सगळंच बदलायचं?"

"अर्धं काम करायचं न्हाई. आन् बॉडीत बसंल का ते बी बघ."

बॉडी म्हणजे कॅबिनेट. कार्ड त्यात मावेल का, हे बघायला मी आईची टेप घेऊन वाकलो, कापूस हातानं बाजूला सारला आणि धुळीनं पार काळ्या पडलेल्या काचेच्या बाहेरूनच माप घेतलं. कॅबिनेट उघडायचा विचार मनात आला होता. बापूच म्हणाले, "चालू इंजिन खोलू न्हाई. हाये तवर चालू दे. एकदा खोललं की मंग दहा गोष्टी निघतेत." रस्त्यावर जगलेल्या माणसाचा तो नियम होता. मुक्कामाला पोचेपर्यंत बॉनेटच्या आत हात घालायचा नाही. तो नियम त्यांना नागपूरच्या रस्त्यावर कितीदा तरी उपयोगी पडला असेल. मला तो तेव्हा शहाणपणाचा वाटला, आणि अजूनही मी त्यांना दोष देऊ शकत नाही.

कार्ड मावत नव्हतं. दुसरं शोधलं. ते मावत होतं, पण सणाची सूट संपली होती. पुढची येईल म्हणून थांबलो. बापूंनी मध्येच व्होल्टेजचा मुद्दा काढला. आमच्याकडं संध्याकाळी बल्ब मेणबत्तीसारखा होतो, नाजूक मशीनला स्टॅबिलायझर पाहिजे. तेही पटलं. मग प्रोसेसरवर दोन मतं पडली. रोज ऑफिसातून आलो की बापू चपला काढायच्या आत विचारायचे, "आज काय ठरलं?" आणि मी सांगायचो की आज हे ठरलं, पण त्यात आणखी एक चांगलं निघालंय. "बघू मंग. जल्दी न्हाई," ते म्हणायचे.

जल्दी न्हाई. हे दोन शब्द मला आजही टोचतात. घाई फक्त आम्हालाच होती आणि आम्ही दोघं ती विसरून गेलो होतो. दरम्यान खेळ जवळजवळ बंदच होता. पुढं न्यायची सोय नाही, मग तोच सपाट रस्ता कशाला चालवायचा, असं बापूंना वाटायचं. नव्या गाडीतच बर्फात जाऊ. स्टेअरिंगवर कापसाचे तंतू बसायचे, ते बापू येताजाता पुसायचे.

एकेक वस्तू यायला लागली. कुरिअरवाला गावात येत नाही. स्टँडसमोरच्या मोबाईलच्या दुकानात खोकी ठेवून जातो. बापू स्वतः चालत जाऊन आणायचे. खोकी त्यांनी आतल्या खोलीत कपाटावर रचली, कापसापासून लांब, वरून धुतलेलं धोतर झाकून. कापसाची धूळ नव्या पार्टात जाऊ नये म्हणून! ते आठवलं की हसावं का काय, कळत नाही. धूळ कुठं जाते हे आम्हाला ठाऊक होतं तर. फक्त जुन्याच्या बाबतीत ते डोक्यात आलं नाही.

शेवटचं कार्ड तेवढं यायचं राहिलं होतं. संक्रांतीच्या आधी एका सकाळी बापू तोंड धुऊन आले आणि टॉवेल हातात धरून तसेच उभे राहिले. "धूर कशाचा झालाय?" म्हणाले. धूर नव्हता. डाव्या डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरलं होतं. मी त्यांना घेऊन जालन्याला गेलो, सुया झाल्या, पुन्हा गेलो. धूर थोडा विरळ झाला, गेला नाही. डॉक्टर आता "टिकवू" हा शब्द वापरत नव्हते.

कार्ड त्यानंतर आलं. मी एका रविवारी दुपारी टेबलाभोवतीचा कापूस मागं ढकलला, कॅबिनेट ओट्यावर उन्हात आणलं आणि काच काढली. बापू शेजारच्या खाटेवर बसले होते.

आत मशीन दिसतच नव्हतं. पंख्याच्या पात्यांवर, त्याखालच्या जाळीवर, कार्डाच्या पोटाशी करड्या कापसाचा थर बसला होता, उशीत भरावा तसा दाबून. मी चिमटीत धरून ओढला तर पूर्ण पट्टाच्या पट्टा निघून आला. किती तरी वर्षं, दर हिवाळ्याला, ते मशीन आमचा कापूस ओढून घेत होतं. हवा आत जायला वाटच उरली नव्हती.

"काय निघालं?" बापूंनी विचारलं.

"कापूस."

ते हसले. पोटभर हसले. "घरचाच?" म्हणाले. मग त्यांचं हसणं हळूहळू थांबलं, आणि माझा हात त्या पट्ट्यासकट तसाच राहिला. आम्हा दोघांच्या मनात एकाच वेळी तेच आलं असणार. मी सायकलचा पंप आणला, जुना ब्रश आणला, सगळं साफ केलं. नवे पार्ट खोक्यातच होते. मी जुनंच मशीन आत नेऊन पुन्हा जोडलं आणि चालू केलं. मी ते का केलं? न कळण्यात बरं होतं, तरी केलं. पंख्याचा आवाजही आला नाही. मी गाडी घाटात घातली. पांढरी कड आली, जवळ आली, बाजूनं गेली. कॉम्प्युटर चालू होता. दसऱ्यालाही तो असाच चालला असता. बापूंचा डावा डोळा तेव्हा पडदा दिसण्याइतका तरी शाबूत होता.

"चढला का?" बापूंनी ओट्यावरून विचारलं.

"चढला."

ते भिंतीला हात लावत आत आले. मी खुर्चीतून उठलो. ते बसले, खुर्ची पुढं ओढली, हात कपाळाला नेले. आईही आली. पडद्याकडं बघून म्हणाली, "अगं बाई, हे तर आपल्या खोलीसारखंच." गाडी निघाली. रस्ता पांढरा, कडेची झाडं पांढरी, आभाळ त्याच रंगाचं. बापू अगदी सावकाश चालवत होते. मान पुढं घेतली, एका बाजूला कलवली, डोळा बारीक केला. मागून एका गाडीनं हॉर्न दिला. त्यांनी शिवी दिली नाही. थोड्या वेळानं त्यांनी गाडी अंदाजानं कडेला घेतली, हँडब्रेक लावला, इंजिन बंद केलं.

"सगळं एकसारखंच दिसून राह्यलं रे," ते म्हणाले. "रोड कुठला, खड्डा कुठला, कळंना. नजर न्हाई त्यानं गाडी चालवू न्हाई."

"खोटी गाडी आहे बापू. लागली तर लागली."

"खोटी असली म्हून काय झालं?"

ते उठले आणि पुन्हा कधी त्या खुर्चीत बसले नाहीत. मला त्या क्षणी इतकं वाईट वाटलं की मी नवे पार्ट परत करायचाही विचार केला. मग बसवले. न बसवून काय सांगणार होतो? मशीन आता झकास चालतं. त्याच्यावर काहीही चालेल. मी दर आठवड्याला काच उघडून पंखा पुसतो, कापसाच्या दिवसांत रोज. दुकानदार भेटला की विचारतो, "कसा काय परफॉर्मन्स?" मी म्हणतो, "एक नंबर." त्याला आणखी काय सांगावं?

माझं दुःख डोळ्यांचं नाही. डोळे जाणारच होते, ते आमच्या हातात नव्हतं. दसरा ते संक्रांत एवढा काळ आमच्या हातात होता आणि तो आम्ही हसत-खेळत, एकमेकांच्या शेजारी बसून, भलत्याच गोष्टी निवडण्यात घालवला. बापूंना विचारलं तर ते म्हणतात की ते दिवस चांगले गेले. गेलेही असतील. पण ते मला बरं वाटावं म्हणून म्हणतात की खरंच तसं आहे, हे मला अजून ओळखता आलेलं नाही.

बापू घरात असले की मी तो गेम कानाला हेडफोन लावून खेळतो. त्यांना इंजिनाचा आवाज ऐकू जाऊ नये, म्हणून. आणि उत्तरेकडं कधी जात नाही. सपाट रस्ता, छोटा माल, बस्स. परवा कापूस उतरवून झाला, आई चहा करत होती, आणि मी अर्धा तास टेबलाशी बसलो. बापू कधी पाऊलवाटेनं चाचपडत आत आले ते मला कळलं नाही. त्यांनी माझ्या कानावरचा हेडफोन काढून घेतला आणि त्याची वायर ओढून कॉम्प्युटरमधून काढली. खोलीत इंजिनाचा आवाज भरला.

"कवापासून ऐकून राह्यलो मी, नुसते पेडल वाजतेत," ते म्हणाले. मग स्टूल पायानं शोधून शेजारी बसले. "गिअर उशिरा टाकून राह्यलास. ऐक, ती कशी रडून राह्यली. हां. आता टाक."

मी टाकला. आवाज खाली आला.

"बर्फाकडं घे," बापू म्हणाले.

"बापू, कशाला आता…"

"घे. मी सांगतो तसं चालव."

त्यांचा हात माझ्या मनगटावर होता. मी गाडी उत्तरेला वळवली. सपाट रस्ता संपला, घाट लागला. बापू कान देऊन आवाज ऐकत होते, आणि कुठं चढ जास्त झाला, कुठं वळण आलं ते माझ्या आधी सांगत होते. आईनं चहा आणून ठेवला आणि ती तिथंच उभी राहिली. वरती, शेवटच्या वळणावर, टायरांचा आवाज एकाएकी मऊ झाला.

"लागला का?" त्यांनी विचारलं.

"लागला, बापू."

"मंग ब्रेकवरून पाय काढ."

मी काढला.